परत फिरायचं कुणी ठरवायचं?

पत्र : आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला आलो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मुलगी पाच वर्षांची. नवऱ्यानं कॉलेजपासून सह्याद्री पालथा घातलेला, त्यामुळे इथंही दर रविवारी कुठंतरी चढायला जायचंच, असा त्याचा नेम. मे महिन्यात एका रविवारी आरामात पोहे खाऊन दहाला निघालो. बाराच्या आधीच पाणी संपलं, मुलीचा चेहरा लालबुंद झाला आणि तिला उलटी झाली. कसेबसे गाडीपर्यंत पोचलो. तेव्हापासून मी मुलांना बाहेर न्यायला साफ नकार देते. नवरा मला भित्री म्हणतो. मुलगा रुसून दिवसभर टॅब घेऊन बसतो. आता जुलैच्या सुट्टीत मुलाला घेऊन ग्रँड कॅन्यनमध्ये नदीपर्यंत उतरायचं आणि त्याच दिवशी वर यायचं, असं नवऱ्याच्या डोक्यात आहे. त्यात जूनअखेरीस सासूबाई चिपळूणहून चार महिन्यांसाठी येताहेत आणि फोनवर आतापासूनच म्हणताहेत, ‘विंचवा-सापांच्या मुलखात पोरांना कुठं फिरवता?’ मी खरंच भित्री आहे का? की मीच मुलांचं बालपण घरात कोंडतेय?
– एक आई, टूसॉन

प्रिय मैत्रीण,

जुलैत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन त्याच दिवशी वर यायच्या बेताला तुम्ही स्पष्ट ‘नाही’ म्हणा. बाकी सगळ्या गोष्टींत बोलून, सांभाळून घेऊन मार्ग काढता येईल. या एका गोष्टीत तडजोड नको. तिथलं राष्ट्रीय उद्यान स्वतःच सांगतं की नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचा प्रयत्न करू नका, विशेषतः मे ते सप्टेंबर. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीतल्या वाटेवर चालू नका, असंही ते बजावतात. दरीचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर आहे, तिथली हवा जुलैतही सोसवते. खाली नदीकाठी मात्र पारा ४३ अंश सेल्सियसच्या वर जातो.

नवऱ्याच्या नजरेतून बघितलं तर त्याचा हिशेब कुठं चुकतो ते कळतं. सिंहगडावर आधी चढ असतो. पाय ताजे असतात, सकाळ असते, दम लागला की जिथं आहोत तिथूनच मागं वळायचं. उतार आपल्याला खाली आणून सोडतो. कॅन्यनमध्ये सगळं उलटं. आधी उतार, तोही मजेचा, मुलगा उड्या मारत पुढं पळणार. चढ येतो तो पाय थकल्यावर, भर उन्हात, पाणी संपत आल्यावर. आणि तो चढ आतकरवाडीतून सिंहगड चढण्याच्या निदान दुप्पट. ‘आम्ही राजगड-तोरणा एका दमात केलाय’ हा अनुभव इथं उपयोगाचा तर नाहीच, उलट फसवतो. असा अनुभव असलेलीच माणसं जास्त खाली उतरतात.

आता मे महिन्यातल्या त्या रविवारबद्दल. मुलीला झाला तो उन्हाचा त्रासच होता, आणि तुम्ही घाबरलात ते अगदी योग्य झालं. पुण्यात किंवा कोकणात घाम अंगावर राहतो. शर्ट भिजतो, कपाळावरून ओघळतो, आपण किती पाणी गमावलं ते दिसतं. टूसॉनच्या कोरड्या हवेत घाम सुटला की लगेच उडून जातो. अंग कोरडं वाटतं, म्हणून माणूस पाणी पीत नाही. मुलांचं शरीर तर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि ती खेळात असली की तहान लागल्याचं सांगतही नाहीत. शिवाय आपल्या गडांवर टाकी असतात, देवटाक्याचं पाणी असतं, वाटेत ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसलेल्या मावश्या असतात. टूसॉनभोवतालच्या सोनोरन वाळवंटात वाटेवर पाणी नसतं. जे पाठीवर नेलं तेवढंच.

चूक उन्हाळ्यात बाहेर पडण्याची नव्हती. दहाला निघण्याची होती, आणि त्याहून मोठी म्हणजे परत कधी फिरायचं हे घरातून निघताना कुणीच ठरवलं नव्हतं. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. तुमच्या घरात सध्या ‘जायचं की नाही’ यावर भांडण चाललंय. तो वाद बाजूला ठेवा. जायचंच आहे असं धरून चाला आणि परत फिरायचं कुणी, केव्हा, कशावरून ठरवायचं, एवढंच आधी बोलून घ्या.

माझ्या मते तीन गोष्टींपैकी एक जरी झाली तरी वळायचं. घड्याळ : जून ते सप्टेंबर शहराच्या आसपासच्या डोंगरांत सकाळी नऊला सगळे गाडीत बसलेले हवेत, म्हणजे उजाडताना पाऊल वाटेवर हवं. पाणी : बरोबरचं निम्मं संपलं की माथा पन्नास पावलांवर असला तरी मागं. उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, त्या हिशेबानं आधीच जास्त भरा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : चौघांपैकी कुणीही ‘परत’ म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, नंतर गाडीत चिडवायचं नाही. पाच वर्षांच्या मुलीनं म्हटलं तरी.

नवरा लगेच म्हणेल, पोरं याचा गैरफायदा घेतील. घेतील ना. पहिल्या दोन-तीन वेळा मुलगी गंमत म्हणून पार्किंगमध्येच ‘परत’ म्हणेल. खरंच परत या. आपला शब्द चालतो हे एकदा पटलं की ती तो जपून वापरायला लागेल. ज्या मुलाचं ऐकलं जातं ते मूल त्रास लपवत नाही, आणि उन्हात जीव वाचवणारी गोष्ट हीच आहे, कारण सुरुवातीची लक्षणं बाहेरून दिसण्याआधी त्याला स्वतःला जाणवतात. डोकं दुखणं, मळमळ, विनाकारण चिडचिड, पाय लटपटणं. असं झालं की सावली, पाणी, मान-काखा ओल्या करून वारा घालणं. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा सुस्तावून हाकेला नीट ओ देईना, तर सरळ तातडीच्या मदतीसाठी ९११ ला फोन.

रुसलेल्या मुलाला घड्याळ आणि पाण्याचा हिशेब देऊन टाका. खरोखर देऊन टाका. त्यानं ‘निम्मं झालं’ म्हटलं की बाबांनीही वळायचं. नऊ वर्षांच्या मुलाला बाबांना थांबवण्याचा अधिकार मिळाला तर तो टॅब कुठं ठेवला हे विसरून जाईल.

नवऱ्याशी हे बोलणं रविवारी सकाळी तो बूट बांधत असताना करू नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री, मुलं झोपल्यावर करा. ‘तू त्या दिवशी असं केलंस’ इथून सुरुवात नको. ‘मला तुझ्याबरोबर यायचंय, मुलांनाही न्यायचंय, फक्त वळायचं कधी ते आधी ठरवू’ असं म्हणा. डोंगरावर प्रेम करणारा माणूस वाईट नसतो. परक्या देशात त्याला जे ओळखीचं वाटतं ते तेवढंच आहे आणि ते तो मुलांच्या हातात द्यायला बघतोय. त्याला हे कुणीतरी म्हणायला हवं, आणि ते तुम्हीच म्हणू शकता. ‘भित्री’ हा शब्द मात्र मुलांसमोर पुन्हा यायला नको, हेही त्याच रात्री शांतपणे सांगा. आईला भित्री म्हटलेलं ऐकून मोठा झालेला मुलगा स्वतःची भीती कुणालाच सांगत नाही.

आता रोजचं. रविवारची मोठी मोहीम एवढाच काही घराबाहेरचा अनुभव नसतो. टूसॉनमध्ये तुमच्याकडे तुमामॉक टेकडी आहे, पुणेकरांची वेताळ टेकडी असते तशी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण दीड मैलाचा डांबरी रस्ता, चढ मात्र खडा. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत लोक येत-जात असतात. तिथंच १९०३ मध्ये वाळवंटातल्या वनस्पतींचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथल्या सवारो निवडुंगांची नोंद शंभराहून अधिक वर्षं ठेवली जातेय. आठवड्यातून दोनदा, शाळा-ऑफिसच्या आधी, जमेल तेवढं चढून परत या. माथा गाठायचाच असं नाही. खाली आल्यावर पुण्याला फोन लावा : अ‍ॅरिझोनात घड्याळं पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचं अंतर बारा महिने तेच राहतं. तुमचे सकाळचे सहा म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, आजोबा चहा पिऊन मोकळेच असतील. आज काय दिसलं हे मुलं त्यांना सांगतील.

काय दिसलं, याला तिथं तोटा नाही. मुलांना एकच सवारो निवडायला सांगा आणि दर आठवड्याला त्याच्यापाशी जाऊन या. सवारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच वाढतो, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाचा सवारो त्याच्या अंगठ्याएवढा. तोही मेस्कीट किंवा पालो वर्देच्या झाडाच्या सावलीत लपलेला, कारण उघड्या उन्हात तो जगलाच नसता. हात, म्हणजे फांद्या, फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. मे-जूनमध्ये शेंड्याला पांढरी फुलं येतात, त्यानंतर लाल गराची फळं. तोहोनो ओओधाम हे तिथले मूळ लोक लांब काठीनं ती फळं उतरवतात, त्यांचा पाक करतात. पावसाची चाहूल लागते तेव्हा त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. आपल्याकडे मृगाची वाट पाहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुलगा चौथीत आहे म्हणालात, तर त्याच्या नावानं राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास निघतो. तिथल्या चौथीतल्या मुलांसाठी खास सोय आहे. शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सवारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत. तिथं मुलांना एक वही देतात. ती भरून दाखवली की शपथ घ्यायला लावून ज्युनियर रेंजरचा बिल्ला लावतात. मुलीला त्यासाठी पाच मिनिटांची वाट पुरे आहे. पिशवीत एक कंगवा जरूर टाका. ‘चोया’ नावाच्या निवडुंगाचे काटेरी गोळे कपड्याला, कातडीला चिकटतात. हातानं ओढू नका, कंगव्यानं उचकटून काढा.

नुसतं पाणी नेऊ नका, हे खाण्याचं. भर उन्हात खूप पाणी पिऊन मीठ पोटात गेलं नाही तर तेही अंगाशी येतं. आपल्या घरात त्यावर उत्तरं पडलेली आहेत : खारे शेंगदाणे, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. कोकम आगळ सासूबाईंना बरोबर आणायला सांगा, चिपळूणकडून येताहेत तर उत्तम मिळेल.

आणि सकाळीही तापलेलं असेल तेव्हा वर जा. माउंट लेमन ९,१५७ फूट उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून जास्त. खाली निवडुंग, मग ओक, मग उंच पाइन, शेवटी फर आणि अ‍ॅस्पेन. तासाभराच्या गाडीत मुलांना चार वेगळे प्रदेश दिसतात आणि हवा पंचवीस-तीस अंश फॅरनहाइटनं उतरते. पेट्रोल खालीच भरून घ्या, घाटात मळमळणाऱ्यांसाठी आवळासुपारी ठेवा. हा घाटरस्ता १९३३ ते १९५० या काळात बहुतांशी कैद्यांच्या श्रमातून झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांवर लादलेल्या बंधनांना नकार देणारा गॉर्डन हिराबायाशी हा तरुण त्या कैद्यांच्या छावणीत होता. चार दशकांनी न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली, आणि छावणीच्या जागेवर आज त्याच्या नावाचं तंबू ठोकायचं ठिकाण आहे. गाडी थांबवून मुलाला हे सांगाच. चौथीतल्या मुलाला अन्याय बरोबर कळतो.

जुलैपासून पाऊस असेल. तिथंही त्याला मॉन्सूनच म्हणतात, अधिकृत मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर. दुपारी ढग दाटतात, विजा पडतात, म्हणून डोंगरमाथ्यावरून दुपारच्या आत खाली या. आपल्याला पावसात भिजायला, ओढ्यात पाय बुडवायला जायची सवय. तिथं ती बाजूला ठेवायची. कोरड्या ओढ्यांना तिथले लोक ‘वॉश’ म्हणतात. डोक्यावर ऊन असतं आणि दहा मैलांवर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा त्यातून येतो. वॉशमध्ये खेळायला बसायचं नाही, रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. अडथळे ओलांडून कुणी गाडी घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा कायदाच त्या राज्यात आहे.

सासूबाईंची भीती थट्टेवारी नेऊ नका. कोकणातल्या बाईनं विंचवाला भ्यायचं नाही तर कुणी? तांबड्या विंचवाच्या दंशानं एके काळी तिथं किती माणसं दगावत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू कसे कमी केले, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना सांगा की टूसॉनचा बार्क विंचू वेगळा, त्याचं विष वेगळं, म्हणून उपचारही वेगळा. धडधाकट माणसाला बहुधा खूप वेदना होऊन निभावतं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. डोळे गरगर फिरणं, अंग झटके देणं, लाळ गळणं दिसलं तर तातडीनं रुग्णालय. तिथं प्रतिविष मिळतं. विषबाधेच्या सल्ल्याचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ फ्रिजवर लावून ठेवा.

भीती घालवायची तर विंचू दाखवावा लागतो. अतिनील प्रकाशाची स्वस्त बॅटरी मिळते. रात्री तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. बूट घालून, हात न लावता, आजी-नातवंडांनी अंगणाची भिंत तपासावी. हा विंचू भिंतीवर चढतो, वस्तूंच्या खालच्या बाजूला चिकटतो, म्हणून बूट झटकून घालणं आणि कुंडी उचलताना आधी बघणं ही सवय सगळ्यांनाच लागेल. सापाचंही तसंच. शेपटीचा खुळखुळा वाजवणारे रॅटलस्नेक साप उन्हाळ्यात संध्याकाळी-रात्री हिंडतात. दिसत नाही तिथं हात-पाय घालायचा नाही, खुळखुळ ऐकू आली की थांबून, कुठं आहे ते बघून मागं सरायचं. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही, रुग्णालय गाठायचं.

सासूबाईंना चढायला लावू नका आणि घरीही ठेवू नका. साबिनो कॅन्यनमध्ये दरीत आतपर्यंत नेणारी विजेवरची गाडी आहे. १९५२ पासूनचं डेझर्ट म्युझियम बरंचसं उघड्यावर आहे, तेही सकाळी लवकर. तिथं त्यांना फड्या निवडुंग दिसेल. आपल्या माळांवर माजलेला हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतलाच. मेस्कीटही आपल्या वेड्या बाभळीचीच बहीण. परदेशात पहिल्या आठवड्यात गोंधळलेल्या माणसाला असं ओळखीचं झाड फार आधार देतं. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात पाण्या-मिठाचं काय करायचं ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. प्रवासाचा आरोग्य विमा आहे ना, तेही बघा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. अ‍ॅरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते. धुळीबरोबर तिचे कण श्वासात गेले की व्हॅली फीव्हर होतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, काहींना ताप, खोकला, थकवा आठवडेच्या आठवडे राहतो. धुळीचं वादळ आलं की मुलांना आत घ्या. सासूबाई ऑक्टोबरात चिपळूणला परतल्यावर खोकला रेंगाळला, तर डॉक्टरांना ‘मी चार महिने अ‍ॅरिझोनात होते’ हे आवर्जून सांगायला लावा. आपल्याकडे हा आजार नेहमीचा नाही आणि तो क्षयासारखा दिसू शकतो.

ग्रँड कॅन्यनला जुलैत जायचंच असेल तर सगळे मिळून जा, पण काठावरच राहा. काठाच्या सपाट वाटेवर ‘ट्रेल ऑफ टाइम’ आहे, एका मीटरला दहा लाख वर्षं असा पृथ्वीचा इतिहास मांडलेला. मुलगा त्यात रमेल, आजीलाही थोडं चालता येईल. नवऱ्याला आणि मुलाला खाली उतरायचंच असेल तर साउथ कायबाबच्या वाटेनं ऊ-आह पॉइंटपर्यंत, जाऊन-येऊन दोन मैलांच्या आत, उजाडताना, घरून नेलेल्या पाण्यावर. त्या वाटेवर पाणी नाही. घड्याळ मुलाच्या हातात. नदीपर्यंतचा बेत पुढं ढकला. मुलगा मोठा झाल्यावर, थंडीच्या आसपास, खाली मुक्कामाची परवानगी काढून बापलेकांनी तो करावा. तोवर दोघांना तुमामॉकवर भरपूर सराव करता येईल.